थिएटरच्या दारातली धाकटी

हेवा कुणाला वाटत नाही? सगळ्यांनाच वाटतो. कुणी तो गोड बोलून झाकतं, आणि कुणाला तो झाकताच येत नाही. धाकटी या दुसऱ्या जातीतली. थोरल्या जावेचं कौतुक सुरू झालं की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग ती पाणी प्यायला म्हणून उठायची. "धाकटीला तहान लागली बरं का, आता पुरे करा," असं तिचा नवराच म्हणायचा, आणि बसलेले सगळे हसायचे. धाकटी आतून भांडं आपटायची.

दोघी जावा डॉक्टर, त्यातही दोघी बायकांच्याच डॉक्टर, आणि दोघी सासूबाईंच्या दवाखान्यात. खाली तपासणीच्या खोल्या, वर वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर. सासूबाईंनी उभं आयुष्य घालून तो चालवला होता. गुडघे गेले तशी त्यांनी सुरी खाली ठेवली आणि ती थोरलीनं उचलली. अशी उचलली, की दोन-चार वर्षांत लोक सासूबाईंना विसरले. दुसरा डॉक्टर पोट उघडून 'कुठंय, कुठंय' करत असायचा तोवर हिचा शेवटचा टाका घालून व्हायचा. बरी होऊन घरी निघालेली प्रत्येक बाई जिना उतरताना बरोबरच्या माणसाला एकच सांगायची, "काय हात आहे गं बाईंचा!" आणि जिन्याच्या अगदी पायथ्याशी धाकटीची खोली होती. दार लावलं तरी ऐकू यायचं. तिनं पंखा मोठा करून पाहिला, तरी ऐकू यायचं.

आता गंमत बघा. या धाकटीला ऑपरेशन मुळात आवडायचंच नाही. रक्ताची भीती म्हणाल तर अजिबात नाही; बाळंतपणं तिनं ढिगानं केली होती. शिकत असताना पोटंही उघडली होती आणि नीट शिवलीही होती. पण बाई टेबलावर झोपली की हिचं मन उडून जायचं. हिरव्या कापडातून पोटाचा एक चौकोन तेवढा दिसतो. त्या चौकोनाला विचारायचं काय आणि त्यानं सांगायचं काय? हातमोज्यात घाम साचायचा, शेवटची गाठ मारताना अंगठा दगा द्यायचा, आणि सगळा वेळ एकच वाटत राहायचं, कधी एकदा ही बाई जागी होते आणि बोलते.

"मग बायकांची डॉक्टर झालीस कशाला?" तिच्या मावशीनं एकदा भर जेवणात विचारलं होतं. "पोहायची हौस, पण पाणी नको!"

यावर धाकटीकडे चोख उत्तर होतं. बायकांची अर्धी दुखणी सुरीच्या वाटेला जातच नाहीत. कुणाला वेळेत पाळी येत नाही, कुणाची थांबत नाही. कुणी पंचेचाळिशीत रात्ररात्र घामानं भिजते आणि घरचे म्हणतात वेड लागलंय. सोळा वर्षांच्या पोरीला हनुवटीवर केस येतात आणि ती कॉलेजात जायचं सोडते. यांना कोण विचारणार? धाकटी विचारायची. खुर्ची जवळ ओढून, पेन खाली ठेवून विचारायची, आणि तिचं निदान सहसा चुकायचं नाही. पण गोळीनं बरी झालेली बाई डॉक्टरला विसरते हो! ऑपरेशनचा व्रण मात्र ती वीस वर्षं दाखवत फिरते, आणि दर वेळी डॉक्टरचं नाव घेते. जिन्यावर धाकटीच्या नावानं कधी कुणी 'काय गं बाईंचं डोकं!' म्हटलं नाही. हे तिला खात होतं.

त्यात त्या दवाखान्याची एक रीत होती. ती घालून दिलेली सासऱ्यांनी. सासरे भूल द्यायचे आणि सासूबाई ऑपरेशन करायच्या. सासूबाई हात धुऊन, ओले हात वर धरून थिएटरच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "करू?" सासरे त्याआधी पेशंटशी एकटे बोलून आलेले असायचे. पटलं असेल तर ते म्हणायचे, "कर." नाही पटलं तर भुलीचं सामान उघडायचेच नाहीत. 'भुकेल्यानं वाढायला बसू नये' असं त्यांचं म्हणणं. ज्याला कापायचंय त्यानं एकट्यानं ठरवायचं नाही. यात कागद नाही, सही नाही. दारात उभं राहून तोंडानं सांगायचं, बस्स. सासरे गेले, भूल द्यायला बाहेरचे डॉक्टर येऊ लागले, आणि दारातलं काम आलं धाकटीकडे.

"म्हणजे ती कापणार, नाव तिचं होणार, आणि मी दारात उभी राहून मान डोलवायची," धाकटी नवऱ्यापाशी धुमसायची. "नंदीबैल आहे का मी?"

नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. तो वर न बघता म्हणायचा, "नंदीबैल कधी 'नको' म्हणत नाही. तुला म्हणता येतं."

पण तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. थोरलीला सगळं येत होतं, एक सोडून. दुर्बिणीतून करायची ऑपरेशनं ती शिकली नव्हती. धाकटीनं काय करावं? मोठ्या रुग्णालयात त्याचं वर्षभराचं शिक्षण होतं, तिथं गुपचूप अर्ज टाकला. जागा मिळालीसुद्धा. त्याच रुग्णालयात हार्मोनच्या विभागातही जागा होती, आठवड्यातून तीन दिवस जायचं; तिथल्या प्रमुखबाईंनी तर स्वतः फोन करून बोलावलं होतं. त्या फोननं धाकटीचा जीव सुपाएवढा झाला होता, आणि तरी ती म्हणाली, "विचार करून सांगते." महिनाअखेरपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं.

"म्हणजे जे तुला आवडत नाही ते तू वर्षभर शिकणार," नवऱ्यानं विचारलं, "वहिनीला ते येत नाही म्हणून?"

"हो."

"पायऱ्या बरोबर आहेत," तो म्हणाला. "उत्तर चुकलंय."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

याच सुमारास धाकटीनं लागोपाठ तिघींना ऑपरेशनला नकार दिला. थोरलीनं गर्भपिशवी काढायला सुचवलेल्या तिघी, आणि तिघींना धाकटी म्हणाली की औषधावर बघू. थोरली "बघ," एवढंच म्हणाली आणि तो दिवस तिनं दुसऱ्या पेशंटला दिला. तिघींना औषधानं उतारही पडला. म्हणजे धाकटीचं चुकलं नव्हतं. पण एका दुपारी ती वर वॉर्डात चालली होती, तेव्हा थिएटरची सिस्टर अवजारं मांडता मांडता आयाबाईला सांगत होती, "धाकट्या बाईंच्या खोलीत गेलेली पेशंट आता वर चढतच नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काय!" आयाबाई खुदकन हसली.

धाकटी आल्या पावली मागं फिरली. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं, पण त्याहून वाईट होती ती शंका. सिस्टर म्हणते ते खरं असलं तर? आपण बघतो ते पेशंटकडे, की जावेकडे? 'नको' म्हणताना जीभ इतकी हलकी का होते आपली? प्रामाणिक बाई होती हो, म्हणूनच तिला हा प्रश्न चावला. नुसती मत्सरी असती तर सिस्टरलाच चार शब्द सुनावून मोकळी झाली असती.

तर अशा दिवसांत लाँड्रीवाली आली.

चाळिशीच्या आतली बाई. मागच्या गल्लीत नवराबायकोची इस्त्रीची लाँड्री होती. वर्ष झालं, पाळी आली की दहा-दहा दिवस जायची नाही. अंगावरून इतकं जायचं, की इस्त्रीच्या टेबलाखाली ती बदलायचे कपडे घेऊनच उभी राहायची. थोरलीनं तपासलं, सोनोग्राफीत बोराएवढी गाठ दिसली. पोरं मोठी झालेली, बाई स्वतःच म्हणत होती की काढून टाका एकदाची पिशवी. थोरलीनं दिवस ठरवला आणि रीतीप्रमाणे तिला खाली धाकटीकडे धाडलं.

धाकटीनं खुर्ची जवळ ओढली. बाईचा आवाज घोगरा होता, चेहरा सुजल्यासारखा. बोलायची सावकाश, शब्द शोधत शोधत. आणि अंगात लोकरीचा स्वेटर.

"लाँड्रीतसुद्धा स्वेटर घालता?" धाकटीनं विचारलं.

"घालते ना. आमचे हे घामाघूम होतात अन् मला मेलीला हुडहुडी," लाँड्रीवाली म्हणाली. "चार इस्त्र्या तापलेल्या असतात, तरी माझे हात गार. हे बघा."

तिनं हात पुढं केला. तो खरंच गार होता, आणि कातडी खरखरीत. धाकटीच्या मनात काहीतरी टुणकन उभं राहिलं. बोराएवढ्या गाठीनं एवढं रक्त जात नाही. हे थायरॉईड मंदावल्याचं असणार. रक्त तपासायला पाहिजे, त्याआधी टेबल नको. तोंडापर्यंत आलं होतं, 'नको.'

आणि तिथंच तिला आयाबाईचं खुदखुदणं ऐकू आलं. लागोपाठ चौथी! आता तर सगळा दवाखाना म्हणेल, जळते ही. सासूबाई म्हणतील. आणि थोरली पुन्हा शांतपणे 'बघ' म्हणेल. ते 'बघ' तर तिला सगळ्यात जास्त टोचायचं. एकदा तरी दाखवून देऊ की आम्हालाही मन मोठं करता येतं.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. "करून टाकू." वर निरोपही धाडला, माझी हरकत नाही म्हणून. लाँड्रीवाली खूश होऊन गेली.

मन मोठं केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. धाकटीला जेवण गेलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी ती लवकर वर गेली. वॉर्डात उकडत होतं, पंखे चालू होते, शेजारच्या खाटेवरची बाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होती. आणि लाँड्रीवाली दोन ब्लँकेटं घेऊन, तिसरं मिळेल का म्हणून आयाबाईला विचारत होती. धाकटीनं तिला पाठमोरं होऊन खाटेवर गुडघे टेकायला सांगितलं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवली, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. चांगल्या माणसाचं पाऊल झटका खातं आणि लगेच जागेवर येतं. हिचं पाऊल झटका खाऊन गेलं आणि परत यायलाच तयार नाही. आळसावलेलं, सावकाश, दमलेलं माणूस जिना उतरतं तसं आलं. धाकटीनं दुसरा पाय पाहिला. तेच.

थायरॉईडचं पुस्तकात वाचलेलं लक्षण असं समोर दिसलं की डॉक्टरला आनंद होतो. धाकटीला घाम फुटला. हिला आता भूल दिली तर ही जागी होईल का, किती वेळानं होईल, काय होऊन उठेल, कोण सांगणार? आणि आपण तर 'हो' म्हणून बसलोय. कशासाठी? मत्सरी दिसू नये म्हणून!

ती धावतच थिएटरकडे गेली. थोरलीचे हात धुऊन झाले होते. कोपरापर्यंत ओले हात वर धरून ती दारात आली. आत सिस्टर अवजारं मांडून उभी, भुलीचे डॉक्टर सुई भरायला घेत होते.

"करू?" थोरलीनं विचारलं. रोजच्यासारखंच, आत जाता जाता.

"नको."

थोरली थांबली. कोपरावरून पाणी फरशीवर टपकत होतं. सिस्टरनं आयाबाईकडे पाहिलं, आणि ते धाकटीनं पाहिलं.

"कारण?"

"थायरॉईड आहे तिला. पिशवीचा दोष नाही."

"रिपोर्ट?"

"नाही. रक्तच घेतलं नाहीये अजून. पण तिची पावलं बघा ताई, हात बघा. मला खात्री आहे."

"परवा तर हरकत नाही म्हणालीस."

"परवा खोटं बोलले."

आत कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं. थोरलीचा आवाज चढला नाही, तिचा तो कधीच चढायचा नाही, आणि धाकटीला त्याचाही हेवा वाटायचा.

"सरळच विचारते," थोरली म्हणाली. "तुला माझा हेवा वाटतो म्हणून चाललंय का हे?"

सगळ्यांसमोर! धाकटीचे कान पेटले. आज पाणी प्यायला जायची सोय नव्हती.

"हेवा वाटतो ताई," ती म्हणाली. "रोज वाटतो. तुमचा हात, तुमचं नाव, तो मेला जिना, सगळ्याचा वाटतो. पण आजचं 'नको' त्याच्यापायी नाही. त्याच्यापायी तर परवा 'हो' म्हणाले मी. लोकांनी मला जळकी म्हणू नये म्हणून."

थोरलीनं ते ओले हात खाली सोडले. धुतलेले हात खाली सोडले की ऑपरेशन संपलं, हे तिथं आयाबाईलाही कळत होतं.

"सामान आवरा," थोरली सिस्टरला म्हणाली, आणि हात पुसायला निघून गेली.

लाँड्रीवालीनं मात्र अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. दुकान बंद ठेवून आलेय, पोरांना आत्याकडे धाडलंय, उपाशी ठेवलंत आणि आता म्हणता नको? काय चेष्टा लावलीय गरिबाची? धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं ते. भुलीच्या डॉक्टरांनी बाईला स्वतः तपासलं आणि ते बाहेर येऊन म्हणाले, "हिला झोपवली असती, तर हिला उठवेपर्यंत माझी झोप उडाली असती." संध्याकाळी रक्ताचा आकडा आला तो असा, की प्रयोगशाळेतून फोन करून विचारलं, पुन्हा तपासायचं का म्हणून.

रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी. थोड्याच महिन्यांत लाँड्रीवाली माणसात आली. पाळी रुळावर, आवाज मोकळा, स्वेटर पेटीत. एक दिवस ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात आली ती हातात एक मोठं गाठोडं घेऊन. धाकटीच्या खोलीवरून तरातरा पुढं गेली आणि जिना चढली. गाठोड्यात थोरलीचे सगळे पांढरे कोट होते, कडक इस्त्री केलेले. उतरताना नवऱ्याला सांगत होती, "देवमाणूस आहेत हो मोठ्या बाई. हात धुऊन तयार होत्या, पण मन मानेना म्हणून पोटाला सुरी लावली नाही. दुसरी कुणी असती तर कापून मोकळी झाली असती!"

धाकटी खोलीत थिजून बसली. ऑपरेशन केलं तर नाव तिचं, हे समजू शकते मी. पण न केलेल्या ऑपरेशनचंही नाव तिचंच? हा कुठला न्याय! पोटात दुखणं म्हणजे काय ते तिनं शेकडो पेशंटना विचारलं होतं. त्या दिवशी जसं दुखलं तसं कुणी सांगितलं नसेल.

पण तुम्हाला वाटेल की या जळफळाटात ती दुर्बीण शिकायला गेली. नाही. तो निकाल केव्हाच लागला होता. ज्या दिवशी थोरलीचे ओले हात खाली आले, त्याच आठवड्यात तिनं दोन फोन केले होते. दुर्बिणीवाल्यांना नाही म्हणाली, हार्मोनवाल्या प्रमुखबाईंना हो म्हणाली. त्या पावलाला परत यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिला स्वतःचं कळून चुकलं होतं. तिथलं नवं वर्ष काही महिन्यांनी सुरू होणार होतं, ते आलं, आणि आता पुढच्या सोमवारपासून जायचं होतं. कोट आल्याच्या संध्याकाळी घरात त्याचीच चर्चा निघाली. सासूबाई, दोघी जावा, चहाचे कप.

"आठवड्यातले तीन दिवस ही नसणार," सासूबाई म्हणाल्या. "मग ऑपरेशनचे वार कसे लावायचे? नाहीतर असं करू. हिच्या मागं मी येऊन उभी राहीन दारात. मी म्हणेन 'कर'. गुडघे दुखतात, जीभ नाही."

"नको आई," थोरली म्हणाली.

"का गं? मला समजत नाही का आता?"

"तुम्हाला समजतं हो. पण तुमचा जीव आहे माझ्यावर. तुम्ही मला कधी 'नको' म्हणणारच नाही." थोरलीनं कप खाली ठेवला. अंगात इस्त्रीचा कोट तसाच होता. "हिचा माझ्यावर जळफळाट आहे. माझं कुठं चुकतंय का, हे हिच्याइतकं टक लावून दुसरं कोण बघणार? दारात मला हीच पाहिजे. ही ज्या दिवशी इथं असेल त्याच दिवशी मी हात धुईन. बाकीचे दिवस थिएटर बंद."

धाकटीचा नवरा दारात येऊन उभा होता, त्यानं पाण्याचा पेला हळूच बायकोपुढं सरकवला.

धाकटीनं पेल्याला हात लावला नाही. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते. एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. आणि तेही बोलली कोण, तर थोरली! सासऱ्यांची ती रीत धाकटीनं इतकी वर्षं दारात उभं राहून पाळली, पण तिचा अर्थ असा चार शब्दांत थोरलीलाच सांगता यावा? आपल्याला का नाही सुचला?

"मंगळवार आणि शुक्रवार," धाकटी नाक ओढून म्हणाली. "त्या दिवशी असेन मी. आणि ताई, या शुक्रवारची जी पेशंट आहे ना, ती मला अजिबात पटलेली नाही."

"बघ," थोरली म्हणाली.